चिमे, आधी ८०८५च बांध

चिमे, तुझा मेसेज वाचला आणि फार बरं वाटलं बघ. तिसऱ्या वर्षाला आलं की पोरी विचारतात कुठला क्लास लावू, कुठलं सर्टिफिकेट घेऊ. तू विचारलंस, "ताई, जुना कॉम्प्युटर नव्यानं बांधायचाय, कुठला बोर्ड घेऊ?" फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येईना, म्हणून निवांत लिहितेय.

आधी पैशाचं बोलू, कारण तेच तू सगळ्यात हळू आवाजात विचारतेस. तू फोटो पाठवलास तो डीई१०-नॅनो. त्यावर 'मिस्टर' नावाचा प्रकल्प चालतो. अलेक्सी मेल्निकोव्ह यांनी तो २०१७ च्या सुमारास सुरू केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी वाढवला. कमोडोर, अमिगा, स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, सगळी यंत्रं त्यावर हुबेहूब जिवंत होतात. बोर्ड उत्तम आहे, पण वीस हजारांच्या पुढे जातो. मालेगाव साखर कारखान्याचं उसाचं बिल कधी येतं आणि आल्याआल्या कुठं जातं, हे आपल्या घरात तुला मी सांगायला नको. अण्णांकडे यासाठी शब्द टाकू नकोस. टँग नॅनो ९के नावाचा बोटभर लांबीचा बोर्ड दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. तो तुला पुरतो, आणि तो मी घेऊन देणार आहे.

पण पैसे हे खरं कारण नाही गं. उद्या कुणी डीई१०-नॅनो फुकट दिला तरी मी तुला हेच सांगेन. मिस्टरमध्ये काय होतं, तर मेमरी कार्डावर फाइल टाकायची, मेनूतून यंत्र निवडायचं आणि खेळत बसायचं. ती फाइल बनवायला कुणीतरी वर्षानुवर्षं रात्री जागवल्यात. त्या जागरणात जे शिकायला मिळतं ते त्याला मिळालं. तुला खेळ मिळेल. तुझा मेसेज मी नीट वाचलाय, तू 'बांधायचाय' लिहिलंयस, 'चालवायचाय' नाही. म्हणून तुला लहान बोर्ड आणि लहान यंत्र हवं, असं की ज्यातली एकेक तार तुझ्या डोक्यात राहील.

आता या बोर्डांवरची एफपीजीए चिप म्हणजे काय. पुस्तकातली व्याख्या तू पाठ केली असशीलच, ती बाजूला ठेव. ९के मधल्या चिपमध्ये ८,६४० छोटे तक्ते असतात, त्यांना लट म्हणतात. प्रत्येक तक्त्याला चार तारा येतात, म्हणजे सोळा शक्यता, आणि प्रत्येक शक्यतेला शून्य द्यायचं की एक हे तू ठरवतेस. अँड, ऑर, एक्सऑर, काय हवं ते त्या सोळा खान्यांत भरता येतं. शेजारी फ्लिपफ्लॉप असतात, आकडा धरून ठेवायला. आणि या सगळ्यांमधून तारांचं जाळं गेलेलं असतं. अण्णा रात्रीच्या लाइटीला दारं धरायला जातात तेव्हा चाऱ्या रानात आधीच काढलेल्या असतात. कुठलं दारं मोडायचं आणि कुठलं बांधायचं, यावर पाणी कुठल्या सरीला जाणार ते ठरतं. चिपमधलं जाळं तसंच आहे. तू व्हेरिलॉगमध्ये लिहितेस, सॉफ्टवेअर त्यातून बिटस्ट्रीम काढतं, आणि त्या बिटस्ट्रीममध्ये एवढंच असतं की कुठलं दारं उघडं, कुठलं बंद, कुठल्या तक्त्यात काय भरलंय. झाइलिंक्सनं १९८५ मध्ये अशी पहिली चिप काढली तेव्हा तिच्यात असे ६४ ब्लॉक होते.

लॅपटॉपवरचा इम्युलेटर आणि हे, यातला फरकही इथेच समजून घे, व्हायवाला उपयोगी पडेल. इम्युलेटर म्हणजे एका प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम. तो जुन्या यंत्राचं एक काम करतो, मग दुसरं, मग तिसरं, आणि हे इतक्या चपळाईनं की आपल्याला सगळं एकदम चाललंय असं वाटतं. एफपीजीएमध्ये खरंच सगळं एकदम चालतं. घड्याळाचा एक ठोका पडला की रजिस्टर, काउंटर, डिस्प्ले, सगळे एकाच क्षणी पुढं सरकतात. व्हेरिलॉग लिहिताना सीमधली सवय सोडावी लागते ती यामुळेच. वरची ओळ आधी, खालची नंतर, असं तिथं नसतं. कागदावर आधी चौकोन आणि तारा काढायच्या, मग ते चित्र शब्दांत लिहायचं. चित्र काढता येत नसेल तर कोड लिहूच नकोस, एवढं माझं ऐक.

आता यंत्र कुठलं? तू कमोडोर म्हणालीस. त्याला अजून वेळ आहे. तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये कपाटात ८०८५ ची ट्रेनर किटं आहेत ना, लाल आकड्यांची, सोळा आकडी कळफलकाची? ते बांध. तुझ्या मैत्रिणींना ते यंत्र कंटाळवाणं वाटत असेल. मला विचारशील तर तुझ्या हाताशी असलेला सगळ्यात मोठा खजिना तोच आहे, कारण खरं यंत्र समोर ठेवून तुझं यंत्र ताडून बघता येतं. परदेशातल्या हौशी पोरांना जुना कमोडोर मिळवायला पैसे मोजावे लागतात. तुला फक्त लॅब असिस्टंट काकांना चावी मागायची आहे.

८०८५ इंटेलनं १९७६ मध्ये आणला. साडेसहा हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, ३ मेगाहर्ट्झ वेग. त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, याला फक्त ५ व्होल्ट पुरतात, म्हणून किटं बनवणाऱ्यांना आणि कॉलेजांना तो मानवला. याच घराण्यातला ८०सी८५ १९९७ मध्ये सोजर्नर गाडीत बसून मंगळावर गेला होता. तेव्हा 'आउटडेटेड' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

बांधायला हा प्रोसेसर किती मनासारखा आहे, ते दाखवते. लॅबमधला बेरजेचा पहिला प्रोग्रॅम आठव. ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. नऊ बाइट. पाच आणि तीन मिळवायचे, उत्तर २०५० वर ठेवायचं, थांबायचं. तुम्ही हे आकडे तक्त्यावरून बघून ठोकता. आता ते बायनरीत उघडून बघ. ८० म्हणजे १० ००० ०००. पहिले दोन बिट सांगतात की हे गणिताचं काम आहे, मधले तीन सांगतात की बेरीज, शेवटचे तीन सांगतात की बी रजिस्टर. मधले तीन बदलले की वजाबाकी, अँड, एक्सऑर. शेवटचे तीन बदलले की सी, डी, ई. म्हणजे एका साच्यात ६४ आज्ञा झाल्या, आणि तुला त्या ६४ वेळा लिहायच्या नाहीत. पहिले दोन बिट ०१ असले की ती मूव्ह आज्ञा, कुठून कुठं ते पुढचे सहा बिट सांगतात. त्यात मेमरीचा नंबर ११०. मग ०१ ११० ११० म्हणजे मेमरीतून मेमरीत त्याच जागी हलवा, ज्याला काही अर्थच नाही. ती रिकामी जागा इंटेलच्या माणसांनी वाया घालवली नाही, तिथं 'थांब' ही आज्ञा बसवली. ०१११०११० हेक्समध्ये लिही. ७६! लॅबमध्ये तू जे ७६ दाबतेस, ते तिथून आलंय. हे असं उलगडत गेलं ना, की दुसऱ्याचा तयार कोअर उतरवून घ्यावासा वाटत नाही.

कामाचा क्रम सांगते. पहिल्या दिवशी प्रोसेसरला हात लावू नकोस. बोर्डावर २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. २५ बिटांचा काउंटर लिही आणि त्याचा वरचा बिट एलईडीला जोड, तो सेकंदाच्या हिशेबात लुकलुकेल. या बोर्डावरचे सहा एलईडी शून्य दिल्यावर पेटतात, एक दिल्यावर विझतात. हे माहीत नसलं की पोरी आपलंच लॉजिक चुकलं समजून रात्रभर शोधत बसतात. मग सेव्हन सेगमेंट. किटवर सहा आकडे असतात, चार पत्त्याचे, दोन डेटाचे. सहाही एकदम पेटवायचे नसतात. एक-एक मिलिसेकंद एकेक आकडा पेटवत फिरत राहायचं, डोळ्याला सगळे स्थिर दिसतात. मग कळफलक, आणि कळ दाबल्यावर संपर्क थरथरतो तो गाळणं. एवढं नीट झालं की यंत्राचं अंग तयार झालं. त्यात मेमरी घाल, आणि मग फक्त वरच्या प्रोग्रॅममधल्या आज्ञांपुरता प्रोसेसर लिही. पाच आज्ञा. २०५० वर ०८ दिसलं की मग बाकीच्या.

मेमरीचा हिशेब आधीच करून ठेव. ९के च्या आत १८ किलोबिटचे २६ ब्लॉक आहेत. ८०८५ ला जास्तीत जास्त ६४ किलोबाइट जोडता येते, म्हणजे ५,२४,२८८ बिट. ती चिपच्या या ब्लॉकमध्ये मावत नाही, थोडक्यात हुकते. पण ट्रेनर किटला तेवढी लागते कुठं? आठ किलोबाइट घे, भरपूर झाली. मॉनिटर प्रोग्रॅम, म्हणजे कळ वाचून आकडा दाखवणारा, तो मात्र स्वतः लिही. जुन्या रॉमच्या फाइली सगळीकडे फिरत असतात, पण त्यांचे हक्क कुणाचे तरी असतात, आणि दुसऱ्याच्या रॉमवर तुझं यंत्र बोललं तर त्यात तुझं काय राहिलं?

कुठं तंतोतंत राहायचं आणि कुठं सोडून द्यायचं, हेही तुलाच ठरवावं लागेल. खऱ्या ८०८५ ला चाळीसच पाय, म्हणून डेटा आणि खालचा पत्ता एकाच आठ तारांवरून आळीपाळीनं जातो आणि एएलईचा सिग्नल लागतो. चिपच्या पोटात तारांना तोटा नाही, तिथं ती कसरत खुशाल सोडून दे. पण टी-स्टेट सोडू नकोस. एमव्हीआयला ७, बेरजेला ४, एसटीएला १३, तेवढे ठोके तुझ्याही यंत्रात मोजून पडले पाहिजेत. प्रॅक्टिकलच्या वहीतले सगळे डिले लूप त्याच हिशेबावर उभे आहेत. तुझं यंत्र घाई करायला लागलं तर ट्रॅफिक सिग्नलचा प्रोग्रॅम भलत्याच वेगानं पळेल.

ताडून बघताना एक गंमत होईल, ती आधी सांगून ठेवते, म्हणजे घाबरायची नाहीस. पुश पीएसडब्ल्यू करून फ्लॅग मेमरीत टाकशील आणि किटशी जुळवशील. साइन, झिरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी, कॅरी जुळतील, पण बिट १ आणि बिट ५ कधीकधी जुळणार नाहीत. पुस्तकात त्या दोन खान्यांत फुली मारलेली असते. प्रत्यक्षात ८०८५ मध्ये तिथं इंटेलनं माहितीपत्रकात न छापलेले दोन फ्लॅग आहेत, आणि काही न छापलेल्या आज्ञाही आहेत. आधी ते दोन बिट झाकून जुळव. मग सवड झाली की ते दोन्ही फ्लॅग कधी बदलतात हे किटवर प्रयोग करून शोध. तुमच्या लॅबमध्ये ८०८५ कडे अशा नजरेनं बघणारी तू पहिली असशील, आणि सरांनाही ते ऐकायला आवडेल.

काळजी घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बोर्डाचे पाय ३.३ व्होल्टचे, काही तर १.८ चे आहेत. लॅबमधली ५ व्होल्टची जुनी चिप थेट जोडलीस तर बोर्ड गेला समज. मध्ये लेव्हल शिफ्टर लागतो. मोबाइलच्या काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून बिटस्ट्रीम जात नाही. आणि बोर्डावर चढवण्याआधी प्रत्येक भाग सिम्युलेटरवर चालव. आयकॅरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह दोन्ही फुकट आहेत, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतात. ही चिप बनवणाऱ्या गोविनचं स्वतःचं सॉफ्टवेअर शिक्षणासाठी मोफत मिळतं. योसिस आणि अपिक्युला ही खुली साधनंही या चिपला चालतात, त्यांत प्रत्येक पायरी उघडून बघता येते, म्हणून पुढं तिकडे वळ. लाइट गेली तरी सिम्युलेशन बॅटरीवर होतं, आपल्या सांगवीत हाही विचार करायला लागतो.

नोकरीचं विचारशील म्हणून सांगते. "यानं प्लेसमेंट होईल का" असं आई विचारणार, तिला खोटी आशा लावू नकोस. पण पुण्यात चिप डिझाइनची आणि व्हेरिफिकेशनची कामं आहेत, आणि मुलाखतीत स्टेट मशीन काढायला सांगतात, टायमिंग का चुकलं ते विचारतात. ज्या मुलीनं आज्ञा वाचणं, उलगडणं, अमलात आणणं हे स्वतः ठोक्याठोक्यानं बसवलंय, तिला ते पाठ करावं लागत नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या गटानं 'अजित' हा प्रोसेसर घडवला. तसं काम करणारे लोकही आपलं डिझाइन चिपमध्ये छापण्याआधी एफपीजीएवरच तपासतात. तू दोन हजारांच्या बोर्डावर करणार आहेस ते त्याच वाटेवरचं आहे, लहान आहे इतकंच. आणि प्रोजेक्ट ग्रुपमधली पोरं म्हणाली की तू रिपोर्ट लिही, वायरिंग आम्ही करतो, तर गोड बोलून नाही म्हण. बोर्ड तुझ्या दप्तरात राहील, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आता माझ्या मनातलं. एकदा ८०८५ उभा राहिला की पुढं कमोडोरकडे जा म्हणून मी सांगणार नाही. १९८४ मध्ये सरकारनं शाळांमधून कॉम्प्युटर शिकवायचा 'क्लास' प्रकल्प काढला, त्यात बीबीसी मायक्रो आपल्याकडे आले, तो बांधलास तरी छान. पण माझा जीव दुसऱ्या यंत्रात अडकलाय. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मुलांनी एक कॉम्प्युटर स्वतः घडवला. छोटं चाचणी यंत्र १९५६ मध्ये चाललं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये, आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड, साडेबारा हजार रेझिस्टर. एवढं सगळं हातानं जोडलेलं, तेही कॉम्प्युटर बघायलाही मिळत नव्हता अशा काळात. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची, ४० बिटांचे २,०४८ शब्द.

तुझ्या बोर्डाशी लावून बघ. एका ब्लॉकमध्ये आठ बिटांचे २,०४८ शब्द बसतात. चाळीस बिटांना पाच ब्लॉक. सव्वीसपैकी पाच! टिफ्रॅकची सगळी स्मृती तुझ्या बोटभर बोर्डाच्या पाचव्या हिश्श्यातही सहज मावते. इंग्रजांनी त्यांची यंत्रं, अमेरिकनांनी त्यांची यंत्रं एफपीजीएवर पुन्हा उभी केलीत, आणि आपल्या मुंबईत घडलेलं यंत्र आपल्या पोरींच्या बोर्डावर असावं असं मला मनापासून वाटतं.

त्याची वाटही आहे. टिफ्रॅकचा आराखडा प्रिन्स्टनच्या आयएएस यंत्राच्या धर्तीचा होता, आणि त्या यंत्राचा बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४६ मध्ये लिहिलेला अहवाल कुणालाही वाचायला मिळतो. त्यात शब्द चाळीस बिटांचा, आणि एका शब्दात वीस-वीस बिटांच्या दोन आज्ञा. इंडेक्स रजिस्टर नाही, त्यामुळे रांगेतली पुढची संख्या घ्यायला प्रोग्रॅम स्वतःचीच आज्ञा बदलून घेतो. ८०८५ नंतर हे वाचशील तेव्हा थरारून जाशील. आधी ते आयएएस बांध. मग टिफ्रॅकच्या नेमक्या आज्ञा आणि कागदपत्रांसाठी टीआयएफआरच्या अभिलेखागाराला रीतसर पत्र लिहू, तुझ्या सरांच्या सहीनं. मसुदा मला आधी दाखव.

हे सगळं पुढच्या वर्षीचं झालं. येत्या शनिवारी मी पुण्याच्या तपकीर गल्लीत जातेय. सेव्हन सेगमेंट, चार बाय चारचा कळफलक, ब्रेडबोर्ड आणि ट्रान्झिस्टर तिथून आणते, बोर्ड ऑनलाइन मागवलाय. तोवर तू आज्ञांचा तक्ता घे, २५६ चौकोन आख, आणि पहिल्या दोन बिटांप्रमाणे चार रंगांत रंगव. कुठली आज्ञा साच्यात बसत नाही त्यावर खूण कर. रविवारी मी सांगवीला आले की आपण त्या खुणांपासून सुरुवात करू.